अँटेना की छत्री?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकूंना सह्याद्री वाहिनी बघायची होती, तीही दर महिन्याचे पैसे न भरता. दुकानदाराने ‘डिजिटल अँटेना’ गळ्यात मारला. सह्याद्री काही दिसली नाही.

अँटेना बघतो जमिनीवरच्या मनोऱ्याकडे, छत्री बघते उपग्रहाकडे. (इंदुरात छत्री म्हटलं की आधी कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या छत्र्या आठवतात, पण इथे गच्चीवरची डिश.) काकूंची सह्याद्री उपग्रहावरून येते.

मुळात ‘डिजिटल अँटेना’ असं काही नसतंच. काडीला फक्त लहरीची लांबी कळते, आत डिजिटल काय नि अ‍ॅनालॉग काय. लहरीच्या निम्मी काडी लागते: 200 मेगाहर्ट्झला सुमारे 75 सेंटिमीटर, 500 ला 30. जुन्या गच्च्यांवरचे सांगाडे एवढे रुंद का, ते यावरून कळेल. ते व्हीएचएफसाठी, म्हणजे लांब लहरींसाठी होते. दूरदर्शनने 2016 मध्ये मनोऱ्यांवरून डिजिटल क्षेपण सुरू केलं, त्या शहरांत इंदूरही होतं, पण ते यूएचएफवर, म्हणजे आखूड लहरींवर, आणि वाहिन्या दूरदर्शनच्याच मोजक्या. लावताना आखूड काड्यांची बाजू मनोऱ्याकडे करायची. बरेच जण उलटं लावतात.

छत्रीचं गणित वेगळं. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची, दरमहा पैसे न लागणारी छत्रीची सेवा. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर. इंदुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 57 अंश वर. छत्री मात्र बघणाऱ्याला बरीच उभी दिसते, कारण तिचा एलएनबी (लहरी पकडणारा छोटा डबा) मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे समोरची भिंत आड येते असं वाटतं, आणि वर आलेली कडुनिंबाची फांदी मात्र लक्षात येत नाही. मुसळधार पावसात छत्रीचं चित्र तुटतं. मनोऱ्याच्या लहरींना पावसाचं फारसं काही वाटत नाही.

दोन्हींना वायर तीच, 75 ओहमची गोल केबल, म्हणून लोक फसतात. बॉक्स मात्र वेगळा. छत्रीच्या बॉक्सला अँटेना जोडला तर पडदा कोराच राहणार.

माझं मत विचाराल तर मराठी घराने छत्रीच घ्यावी. फक्त बॉक्स एमपेग-4 चा (चित्र आवळून पाठवायची नवी पद्धत) आहे ना, हे दुकानातच विचारून घ्या. स्वस्तातला जुना एमपेग-2 बॉक्स फ्री डिशच्या सगळ्या वाहिन्या दाखवत नाही.