सेनापती घडतो कुठे: घरात, छावणीत की स्वभावात?

सेनापतीच्या लढाया सांगाव्यात की त्याचा स्वभाव, हा वाद फार जुना. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने अलेक्झांडरबद्दल लिहिताना सुरुवातीलाच सांगून टाकलं, की आपण इतिहास नव्हे, आयुष्यं लिहितो आहोत. हजारो माणसं पडलेल्या लढाईपेक्षा सहज निघालेला एखादा शब्द माणसाची ओळख जास्त पटवतो. स्वतःच्या सावलीला बुजणाऱ्या घोड्याला कोवळ्या अलेक्झांडरने कसं वश केलं, ही गोष्टही त्यानेच सांगितली. सेनानींच्या बालपणात त्यांच्या पराक्रमाची बीजं शोधायची आपली सवय तिथपासूनची.

मला मात्र त्या घोड्यापेक्षा पुढची तालीम जास्त बोलकी वाटते. इ.स.पू. ३४३ पासून ॲरिस्टॉटलकडे शिक्षण, सोळाव्या वर्षी बाप मोहिमेवर असताना राज्याचा कारभार, अठराव्या वर्षी कायरोनियाच्या लढाईत सैन्याच्या एका बाजूचं नेतृत्व. शिवाय बापाने, म्हणजे फिलिपने, घडवलेलं कसलेलं सैन्य आयतं हाताशी. अशी तालीम मिळालेल्या मुलाला विसाव्या वर्षी राज्य मिळालं, तेव्हा तो नवखा उरलाच नव्हता.

आपल्याकडे थोरल्या बाजीरावांचं असंच. १७१८-१९ च्या दिल्ली स्वारीत ते वडिलांबरोबर होते. दरबार, फौज, रसद, मोगली सत्तेची पोकळ अवस्था हे सगळं त्यांनी विशीच्या आत पाहिलं. १७२० मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी पेशवाई मिळाली, तेव्हा जुन्याजाणत्यांनी कुरकुर केली. पण १७२८ मध्ये पालखेडला त्यांनी निजामाला लढाई न देताच कोंडीत पकडलं. वेग हाच त्यांचा स्वभाव. आणि त्यांचे धाकटे बंधू चिमाजीआप्पा? त्यांचं नाव जोडलं गेलं ते वसईशी: १७३७ ते १७३९ अशी रेटून नेलेली मोहीम, चिवट वेढा, सुरुंग, वाट पाहण्याची ताकद. अर्थात समोर किल्ला असेल तर वेढाच घालावा लागतो, त्यामुळे सगळा फरक स्वभावावर ढकलणं बरोबर नाही. तरीही एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेले हे दोघे एकमेकांची नक्कल नव्हते.

त्याच काळात प्रशिया या जर्मन राज्यातही भावांची अशीच एक जोडी वाढत होती. राजा फ्रेडरिक विल्यमला फौजेचं वेड, तर थोरल्या मुलाला, म्हणजे पुढच्या दुसऱ्या फ्रेडरिकला, बासरीचा आणि फ्रेंच पुस्तकांचा नाद. बाप त्याला चारचौघांत मारायचा, पाणउतारा करायचा. १७३० मध्ये अठरा वर्षांच्या मुलाने पळून जायचा बेत केला आणि तो उघडकीला आला. त्याला साथ देणारा मित्र, लेफ्टनंट काट्टे, याचा क्युस्ट्रिनच्या किल्ल्यात शिरच्छेद झाला. मुलाला तो खिडकीतून पाहायला लावण्याचा हुकूम खुद्द बापाचा. दहा वर्षांनी हाच मुलगा गादीवर आला आणि वर्ष संपायच्या आत त्याने ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सायलेशिया प्रांतावर चाल केली.

इथे बालपणावरून निष्कर्ष काढणाऱ्यांची खरी अडचण दिसते. तो बापासारखा कठोर झाला म्हणून लढला, असं म्हणता येतं. आपण बापापेक्षा मोठे आहोत हे सिद्ध करायला लढला, असंही म्हणता येतं. आणि तो लढाईला घाबरून दूर राहिला असता, तर तेही त्याच छळाने समजावता आलं असतं! त्याचा चौदा वर्षांनी धाकटा भाऊ हेन्री सावध निघाला. शत्रूला हालचालींनी दमवणं त्याला पसंत. फ्रेडरिकने १७५९ मध्ये कुनर्सडॉर्फला हल्ल्यामागून हल्ला चढवत सुमारे ५० हजारांपैकी १९ हजारांच्या आसपास माणसं गमावली. हेन्रीने १७६२ मध्ये फ्रायबर्गची लढाई जिंकली. पण बाप वारला तेव्हा हेन्री जेमतेम चौदाचा होता आणि पुढे तो थोरल्या भावाच्या धाकात वाढला. घर एक होतं, संगोपन एक नव्हतं.

बाराव्या वर्षी प्रशियन फौजेत शिरलेल्या आणि पुढे युद्धशास्त्राचा विचारवंत ठरलेल्या क्लाउझेविट्झने या प्रश्नाला वेगळं वळण दिलं. त्याच्या १८३२ मध्ये, मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या लेखनात सेनानीच्या मनाचं विवेचन आहे. कणखर मन म्हणजे भावनाशून्य मन नव्हे. वादळातल्या जहाजावरच्या होकायंत्रासारखं, आत खळबळ असूनही दिशा न सोडणारं मन, असं तो मानतो. पुढे १९७६ मध्ये नॉर्मन डिक्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने उलट बाजूने शोध घेतला: सेनापती का हरतात? तो स्वतः फौजेत राहिलेला. त्याचं म्हणणं असं, की मोठ्या चुका मंदबुद्धीतून कमी, आणि अपयशाच्या धास्तीतून, वरिष्ठांच्या मर्जीच्या काळजीतून, नको ती बातमी न ऐकण्याच्या वृत्तीतून जास्त होतात. या वृत्तींची मुळं त्याने बालपणापर्यंत नेली. हरलेल्यांचंही बालपण तपासलं पाहिजे, हा त्याचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

दरम्यान फौजांना थांबायला वेळ नव्हता. दुसऱ्या महायुद्धात घराणं, शाळा आणि छोटीशी मुलाखत यांवर अधिकारी निवडणं ब्रिटनला परवडेना. १९४२ पासून निवड मंडळं आली. गटाला काम द्यायचं, नेता नेमायचा नाही, आणि कोण काय करतं ते पाहायचं. भारतात सैन्याचे अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिस सिलेक्शन बोर्डाची पद्धत याच परंपरेतली.

त्याच युद्धातला अमेरिकन सेनापती आयझेनहॉवर युद्धाला विरोध असणाऱ्या धार्मिक आईचा मुलगा. दहा वर्षांचा असताना थोरल्या भावांबरोबर जायला मनाई झाली, म्हणून त्याने झाडाच्या बुंध्यावर बुक्क्या मारून हात रक्तबंबाळ केले. आईने जखमा बांधल्या आणि स्वतःच्या मनावर ताबा मिळवणारा नगर जिंकणाऱ्यापेक्षा मोठा, हे बायबलमधलं वचन ऐकवलं. ही आठवण त्याने स्वतःच म्हातारपणी सांगितली. राग काही गेला नाही. एखाद्या माणसाचा फारच संताप आला, की तो त्याचं नाव कागदाच्या चिठोऱ्यावर लिहायचा, टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात टाकायचा आणि खण बंद करायचा.