लेप्टो की स्क्रब टायफस? एकदा खपली शोधा

भाताची लावणी उरकली की आमच्या सिंधुदुर्गात तापाचे दिवस येतात. थंडी वाजून ताप, ठणकणारं डोकं, मोडून आलेलं अंग. मलेरिया-डेंग्यू नाही असा रिपोर्ट आला की घरचे म्हणतात, "पावसाळी ताप तो, दोन दिसांनी जातलो."

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, आपल्याला ठाऊक आहे. उंदरा-गुरांच्या मुतातले मळसूत्रासारखे जंतू चिखलात उतरतात आणि भिजून भेगाळलेल्या पायांतून शिरतात. पोटऱ्यांना हात लावू देत नाही माणूस. डोळे लाल होतात, पण चिपडं नसतात. दुखणं बळावलं तर कावीळ होते, लघवी कमी होते.

स्क्रब टायफस चिखलातून येत नाही, गवतातून येतो. माइट नावाच्या बारीक किड्याची अळी, म्हणजे चिगर, चावते आणि तिच्यासोबत ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जंतू अंगात जातो. चावल्याचं कळतही नाही. पुढे तिथे काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसावा तशी. ती ना दुखते, ना खाजते, म्हणून कोणी सांगत नाही. माझ्या काकूची खपली परकराच्या नाडीखाली होती. पाच दिवस लेप्टो समजून उपचार चालले. अंग पुसताना नर्सला ती दिसली.

इथेच घोळ होतो. लेप्टोवर पेनिसिलिन, सेफट्रायॅक्झोन चालतं. स्क्रबचा जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो, त्याच्यावर ही औषधं लागू पडत नाहीत. डॉक्सिसायक्लिन दोन्हींवर चालतं आणि वेळेत मिळालं तर स्क्रबचा ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. काकूचा तसाच उतरला. गरोदर बाईला डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन देतात.

रक्ततपासणीवर सगळा भार टाकू नका. तपासणीत शोधतात त्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, दोन्हींत वर यायला आठवडा लागू शकतो. तिसऱ्या दिवशीचं 'निगेटिव्ह' म्हणजे सुटका नव्हे. खपली नसली म्हणून स्क्रब नाही, असंही नाही. आणि आपल्याकडे सकाळी चिखलात उतरलेली बाईच संध्याकाळी गुरांसाठी गवत कापते, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही कामं सांगा. काखा, जांघा, कंबर, स्तनांखाली, कानामागे बघा. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, ती घरातल्या कोणाकडून तरी उजेडात बघून घ्या.