वंध्यत्व
गर्भनिरोधनाशिवाय नियमित शरीरसंबंध ठेवूनही १२ महिन्यांत गर्भ न राहणे, ही वंध्यत्वाची रूढ व्याख्या. स्त्रीने पस्तिशी ओलांडली असेल तर ६ महिन्यांनंतरच तपासणी सुरू करतात. नाशिक परिसरात त्र्यंबकेश्वरचा नारायण नागबळी विधी आणि सप्तशृंगीचा नवस दवाखान्याच्या जोडीने चालतात. दवाखान्यात मात्र बहुधा आधी सूनच जाते. हा क्रम चुकीचा आहे. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष, एकटा किंवा स्त्रीदोषासह, आढळतो आणि वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त व वेदनारहित असते.

वीर्याच्या प्रमाणांबाबत मते बदलत गेली. पूर्वी दर मिलिलिटरला २ कोटी शुक्रजंतू ही किमान मर्यादा मानत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ती १.५ कोटी आणि २०२१ मध्ये १.६ कोटी दिली. २०२१ च्याच मर्यादांनुसार हालचाल करणारे शुक्रजंतू किमान ४२ टक्के, प्राकृत आकाराचे किमान ४ टक्के. हे आकडे ज्यांच्या जोडीदारांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांच्या पाहणीतून आले असून त्यांपैकी तळाचे ५ टक्के पुरुष या मर्यादेखालीच होते. म्हणून या आकड्यांना सुपीक आणि वंध्य यांमधली सीमारेषा मानू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे ताप किंवा औषधोपचारानंतरची फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी अर्थपूर्ण ठरते.

पुरुषांतील कारणे : वृषणाच्या शिरा फुगणे, वयात आल्यानंतरच्या गालगुंडातून वृषणदाह, शुक्रवाहिनीतील अडथळा, गुणसूत्रदोष. व्यायामशाळेत घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्रजंतूंची निर्मिती दाबतात. ताकदीचे औषध म्हणून ती घेणाऱ्या तरुणांना हे स्पष्ट सांगायला हवे. वृषणांना शरीरापेक्षा कमी तापमान लागते, म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत भट्टीजवळ काम करणाऱ्याला त्याचा व्यवसाय आवर्जून विचारावा.

स्त्रियांत बीजांडकोशाचा बहुपुटी विकार (पीसीओएस), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) आणि बंद गर्भनलिका ही प्रमुख कारणे. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग विशेष महत्त्वाचा. खोकला, ताप काही नसताना तो वर्षानुवर्षे दडून राहतो. त्याची औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. पण एकदा खराब झालेली नलिका बहुधा पूर्ववत होत नाही. गर्भाशयाचे अस्तर चांगले असेल तरच पुढे शरीराबाहेर केलेल्या फलनाचा (आयव्हीएफ) उपयोग.

पीसीओएसमध्ये वजन घटवणे व बीजांड सुटण्यास मदत करणारे लेट्रोझोल हे औषध यांना प्राधान्य. शुक्रजंतू फार कमी असल्यास १९९२ पासून ज्ञात असलेले इक्सी तंत्र, म्हणजे एकच शुक्रजंतू थेट बीजांडात सोडणे, वापरतात. भारतातील पहिले आयव्हीएफ बाळ म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयातील १९८६ च्या जन्माची नोंद दीर्घकाळ होती. कोलकात्याचे डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांचा १९७८ चा प्रयोगच पहिला, हे पुढे मान्य झाले.

२०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणीही सक्तीची आहे.