पानं पिवळी पडली? खताची बाटली तूर्त कपाटातच राहू द्या
(घरगुती हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात रोपं वाढवायचं, किट घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

किट लावून दोन-तीन आठवडे झाले की व्हॉट्सॲपवर ठरलेला फोटो येतो. लेट्यूसचं रोप, मधली पानं पिवळट आणि खाली एक ओळ: "खत वाढवू का?" कधी ती ओळही नसते, कारण खत वाढवून झालेलं असतं. मग दोन दिवसांनी फोन येतो, "आणखी बिघडलंय, तुमचं खत बरोबर नाही." हे पत्रक त्या फोनसाठी आहे. टब कसा जोडायचा, नेट कपात (रोपाच्या जाळीदार कपात) कोकोपीट किती भरायचं, हे व्हिडिओत दाखवलेलं आहे. इथे फक्त पाण्याबद्दल आणि त्या पिवळ्या पानाबद्दल.

आधी फोटोविषयी एक विनंती. ग्रो लाइट चालू ठेवून काढलेल्या फोटोत सगळी रोपं जांभळी दिसतात. त्यावरून आम्हीच काय, कोणीही काही सांगू शकत नाही. लाइट बंद करा, रोप खिडकीशी न्या, वरून एक फोटो काढा आणि नेट कप उचलून मुळांचा एक. सोबत पीएच (पाणी किती आम्ल ते; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) आणि ईसी (पाण्याची वीजवाहकता, तिच्यावरून विरघळलेले क्षार कळतात) यांचे आजचे आकडे लिहा. हे चार मिळाले की बहुतेक वेळा फोनवरच निकाल लागतो.

कोणतं पान पिवळं झालंय, यावर सगळं अवलंबून आहे. खालचं, जुनं पान सगळीकडे सारखं फिकट होत असेल तर नत्र कमी पडतंय. तिथे खत वाढवणं योग्य. पण वरचं, नवं पान पिवळं आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्यागार असतील, तर ते लोह न मिळाल्याचं लक्षण. आमच्याकडे येणारे बहुतेक फोटो या दुसऱ्या प्रकारचे असतात. लोह पाण्यात नाही असं नसतं, बाटलीतून ते व्यवस्थित गेलेलं असतं. पण द्रावणाचा पीएच ७ च्या वर चढला की लोह रोपाला घेता येईल अशा रूपात राहत नाही. खतात लोह सहसा ईडीटीए रूपात (लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या रसायनाशी बांधलेलं) असतं आणि ते साधारण साडेसहा पीएचपर्यंतच टिकून राहतं. ताटात वाढलेलं आहे आणि जेवणाऱ्याचं तोंड बांधलेलं आहे, अशी ही अवस्था. आणखी दोन पोळ्या वाढून उपयोग नाही.

मातीतल्या बागेची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. कुंडीत पान पिवळं पडलं की मूठभर शेणखत टाकायचं, आणि पुष्कळदा ते चालून जातं, कारण माती बरंच काही धरून ठेवते आणि सांभाळून घेते. वीस लिटरच्या टबात सांभाळून घेणारं कोणी नाही. जे ओताल ते तासाभरात मुळांशी.

सिंहगड रोडवरच्या एका काकांचं उदाहरण देतो, त्यांच्या परवानगीने. सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी. खत घालण्याआधीच त्या पाण्याची ईसी ०.९ होती. आमच्या खताची पूर्ण मात्रा म्हणजे लिटरला ए बाटलीतलं २ मिली आणि बी बाटलीतलं २ मिली, तिने ईसी सुमारे १.२ ने वाढते. म्हणजे पहिल्याच दिवशी टबात २.१. लेट्यूसला ०.८ ते १.४ पुरते. शिवाय बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच ७.४. नवी पानं पिवळी झाली. काकांनी अर्धी मात्रा वाढवली. पिवळेपणा हलेना, म्हणून पुन्हा अर्धी. आम्ही गेलो तेव्हा ईसी मोजायच्या पेनवर ३.३ आकडा होता, पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या होत्या आणि भर दुपारी रोपं माना टाकून बसली होती, टब काठोकाठ भरलेला असताना. द्रावण इतकं खारट झालं की मुळांना त्यातून पाणी ओढणंच जड जातं.

उपाय एका दुपारचा होता. टब रिकामा केला, निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं पाणी भरलं, खत दोन-तृतीयांश मात्रेत घातलं, ईसी १.२५ च्या आसपास आणली आणि पीएच ५.९ वर. आठवडाभरात मधून हिरवी पानं यायला लागली. जी आधीच पिवळी झाली होती ती फारशी सुधारली नाहीत. सुधारत नाहीतच, त्यांच्याकडे बघून खत ठरवू नका. ओतून दिलेलं द्रावण तिप्पट पाण्यात मिसळून बाल्कनीतल्या जास्वंदीला घातलं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नुसत्या पाण्याची ईसी मोजा. मग ए घालून ढवळा, मग बी घालून ढवळा, अर्धा तास थांबा, आणि पीएच सगळ्यात शेवटी. खत स्वतःच पीएच थोडा खाली आणतं, त्यामुळे आधी पीएच जुळवून मग खत घालणं म्हणजे दुप्पट काम. पीएच ५.५ ते ६.५ च्या मध्ये हवा. ५.८ वर आणून सोडा, दोन-चार दिवसांत तो आपोआप थोडा वर सरकतो, कारण रोपं नायट्रेट घेतात तेव्हा पीएच चढतो. ६.५ ओलांडेपर्यंत हात लावायची गरज नाही. रोज सकाळी थेंब-थेंब टाकत बसणारे ग्राहकही आहेत. त्यांची रोपं न बघता सोडून देणाऱ्यांपेक्षा फार बरी असतात असं दिसत नाही.

पीएच खाली आणायचं द्रावण फॉस्फोरिक ॲसिडचं आहे. वीस लिटरला अर्धा मिली, ढवळा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. बोअरच्या पाण्यात पहिल्या दोन-तीन वेळा आकडा हलतच नाही आणि मग एकदम धाडकन खाली येतो, तेव्हा कंटाळून बाटली उपडी करू नका. हातमोजे घाला आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. घरात लिंबू असताना हे विकत का घ्यायचं, असं पुष्कळ ताई विचारतात. लिंबाने पीएच उतरतो, अगदी बरोबर. पण सायट्रिक ॲसिड पाण्यातले जीवाणू एक-दोन दिवसांत खाऊन टाकतात, पीएच परत वर जातो आणि पाण्याला बुळबुळीतपणा येतो तो वेगळाच. व्हिनेगरचंही तेच. आमची शंभर मिलीची बाटली बहुतेक घरांत वर्षभर पुरते.

मधल्या काळात टबातलं पाणी उतरतं तेव्हा काय भरायचं, यात दुसरा घोटाळा होतो. पातळी उतरली म्हणून लोक दर वेळी खताचं पाणीच भरतात. आधी पेन बुडवा. पातळी उतरली आणि ईसी चढली असेल तर रोपांनी पाणी जास्त प्यायलंय, खत कमी घेतलंय: नुसतं पाणी भरा. उन्हाळ्यात जवळजवळ कायम हेच घडतं. पातळी उतरली आणि ईसीही उतरली, तर भुकेली आहेत, खत घालून भरा. ईसी जागच्या जागी असेल तर आहे त्याच तीव्रतेचं द्रावण. दोन ते तीन आठवड्यांनी सगळं बदलायचं, कारण ईसीचा आकडा एकूण क्षार सांगतो, त्यात नत्र किती आणि नको असलेलं सोडियम किती हे सांगत नाही.

टीडीएस पेनचा (ईसीऐवजी विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणाऱ्या) एक खुलासा. आरओ दुरुस्तीवाल्याकडे असतो तसलाच पेन घरी असेल तर चालेल, फक्त तो कोणत्या मापाचा आहे ते बघा. १ ईसी म्हणजे काही पेनांवर ५०० पीपीएम, काहींवर ७००. इथे मिळणारे स्वस्त पेन बहुतेक ५०० वाले असतात. परदेशी व्हिडिओत ८४० सांगितलेलं ऐकून आपल्या पेनवर ८४० येईपर्यंत खत ओतलं की ईसी १.२ ऐवजी १.७ होते. आम्ही सगळीकडे ईसीच लिहितो ते यासाठी.

पीएच पेन किटमध्ये सक्तीचा का, त्याशिवाय किट स्वस्त का देत नाही, असं विचारलं जातं. ऑनलाइन किट आमच्यापेक्षा कमी किमतीत मिळतं, हे आम्हालाही दिसतं. त्यात पेन नसतो. पेनाशिवाय किट दिलं तर पहिल्या महिन्यात आमची एक भेट ठरलेली, आणि भेटीचे ४०० रुपये घेताना आम्हालाही अवघड वाटतं. पेन मात्र सांभाळावा लागतो. त्याचं काचेचं टोक कोरडं पडू देऊ नका, टोपणात साठवणीच्या द्रावणाचे चार थेंब ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायची सूचना कुठे वाचली असेल तर विसरा, त्याने टोक खराब होतं. महिन्यातून एकदा ६.८६ आणि ४.०१ पीएचच्या पुड्यांच्या द्रावणात तपासून घ्या. पुड्या दुकानात सुट्या मिळतात.

खत एकाच बाटलीत का नाही, हाही नेहमीचा प्रश्न. ए मध्ये कॅल्शियम असतं, बी मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. घट्ट स्वरूपात एकत्र आले की खाली पांढरा साका बसतो आणि तो रोपाच्या काहीच कामाचा राहत नाही. त्यामुळे दोन्ही झाकणं एकाच पेल्यात मोजू नका. मधल्या वेळी पेला विसळा.

पाण्याबद्दल थोडं. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी येत असेल तर नशीबवान आहात, ते सहसा मऊ असतं. रात्रभर उघडं ठेवून वापरा, आणि गुरुवारी पाणी बंद असलं तर बुधवारीच एक बादली भरून ठेवा. बोअर किंवा टँकरचं असेल तर निम्मं आरओचं मिसळा. पूर्ण आरओ वापरणार असाल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमची पुरवणी लागते, कारण आरओ ते काढून टाकतो. आणि आरओचं बाहेर पडणारं पाणी वाया जातं म्हणून टबात भरू नका. मूळ पाण्यातले सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. त्याने फरशी पुसा.

एप्रिल-मेमध्ये टबाचं पाणी तिशीच्या वर जातं, तेव्हा पिवळेपणाचं कारण वेगळं असतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात. मुळांची गरज मात्र उष्णतेने वाढलेली असते. मूळ पांढरं आणि ताठ असेल तर चिंता नाही. तपकिरी, बुळबुळीत, ओढलं की साल हातात येणारं आणि कुबट वासाचं असेल तर मूळकूज सुरू झाली आहे. टब घासून धुवा, पाणी बदला, टबाला पांढरा कागद गुंडाळा आणि फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली सकाळ-दुपार टबात सोडा. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं. पातळी नेट कपाच्या बुडापासून दोन बोटं खाली ठेवली असेल तर वरची मुळं हवेत राहतात आणि चार-पाच तास वीज नसली तरी रोप तग धरतं. काठोकाठ भरलेला टब त्या बाबतीत घातक. कडक उन्हाळ्यात लेट्यूसचं बी रुजतही नाही, ट्रे घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. नाहीतर त्या दोन महिन्यांत सरळ बेझिल आणि पुदिना घ्या, आम्हीही घरी तेच करतो.

पावसाळ्यात लेट्यूसच्या गाभ्यातल्या कोवळ्या पानांची टोकं काळी पडतात. ते कॅल्शियम पोचत नसल्याने होतं आणि इथेही हात बाटलीकडे जातो. दमट, कोंदट हवेत पानातून पाणी उडत नाही, म्हणून कॅल्शियम वर चढत नाही. छोटा टेबल फॅन मंद वेगात रोपांवरून फिरता ठेवा. पंखा आमच्याकडूनच घ्यायला हवा असं नाही, घरातला कोणताही चालेल.

लाइट पानांपासून पाऊण ते एक फुटावर, टायमर लावून चौदा ते सोळा तास. चोवीस तास ठेवून दुप्पट वाढ होत नाही, लेट्यूस फुलोऱ्यावर येऊन कडू होतं. रोपटी लांबुळकी होऊन लवंडत असतील तर लाइट खाली आणा.

आवाज खाली करून "दुसरं एक झाड" याच किटमध्ये येईल का, असं विचारणारे फोन महिन्यातून येतातच. उत्तर एकच. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं रोप लावणं हा गुन्हा आहे, मातीत लावा की पाण्यात, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्यासाठी आमच्याकडून ना सामान मिळेल ना सल्ला. बेझिलचे तीन वाण आहेत, ते विचारा.

नवीन किट घेणाऱ्यांकडून आम्ही आधी पाण्याचा नमुना मागतो आणि मगच खताची मात्रा लिहून देतो. तपासणीचे पैसे नाहीत. जुन्या ग्राहकांनीही घर बदललं किंवा सोसायटीत टँकर सुरू झाले तर नमुना पुन्हा आणावा. अर्धा लिटर पुरे. नळ मिनिटभर वाहू द्या, बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा आणि मग भरा. शीतपेयाची बाटली नको. कितीही धुतली तरी आमचा पेन काहीतरी भलताच आकडा दाखवतो आणि तुमची फेरी फुकट जाते.