भूकंपातली इमारत : मजबुती आणि तन्यता

घर घेताना ‘बांधकाम मजबूत आहे ना?’ असं सगळेच विचारतात. भूकंपाच्या बाबतीत हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा तन्यतेचा, आणि माणसं वाचणं-मरणं बहुतेक वेळा त्यावरच ठरतं.

कॉलम किंवा बीम किती भार झेलू शकतो, ती त्याची मजबुती. तो भार ओलांडला गेला, सळई ताणली जाऊ लागली, काँक्रीटला भेगा पडल्या, आणि तरीही तो भार न सोडता वाकत राहिला, तर ती तन्यता. खूप मजबूत कॉलमसुद्धा ठिसूळ असू शकतो. मर्यादेपर्यंत तो तसूभर हलत नाही, मग एकदम फुटतो.

मोठ्या भूकंपात ही मर्यादा ओलांडली जाणार, हे इंजिनिअर आधीच गृहीत धरतो. आय.एस. 1893 या आपल्या भूकंपविषयक मानकात तन्य पद्धतीनं सळया बांधलेल्या काँक्रीट फ्रेमसाठी, म्हणजे कॉलम-बीमच्या सांगाड्यासाठी, 5 हा भाजक आहे. सगळी इमारत भेगा न पडता उभी राहावी म्हणून जेवढं बल धरावं लागलं असतं, त्याच्या पाचव्या भागावर डिझाइन होतं. उरलेली ऊर्जा इमारतीनं वाकून, तडे जाऊन जिरवायची. म्हणून तन्यतेत कसर ठेवली, तर कागदावरचं सगळं गणितच खोटं ठरतं.

हा विचार पक्का करणाऱ्यांत टॉम पॉले यांचं नाव फार वरचं आहे. 1923 साली हंगेरीतल्या शोप्रोनमध्ये जन्म, तरुणपणी सैन्यात अधिकारी, 1948 मध्ये देश सोडून पलायन आणि 1951 मध्ये न्यूझीलंड. तिथे काही वर्षं इमारतींची डिझाइनं केल्यावर ते क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात शिकवायला गेले आणि चाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी. केली. विषय होता दोन शिअर वॉल, म्हणजे भूकंपाचे आडवे धक्के झेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, जोडणारे आखूड बीम. 1964 च्या अलास्का भूकंपात अँकरेजमधल्या उंच इमारतींच्या अशाच बीमना फुलीसारखे तडे गेले होते. नेहमीच्या रिंगा (मुख्य सळयांभोवती बांधलेली बारीक सळईची कडी) वाढवून तिथे भागत नाही, हे पॉले यांच्या प्रयोगांतून दिसलं. सळया कर्णरेषेत, फुलीच्या दिशेनंच टाकल्या, तर तोच बीम कितीतरी वेळा मागे-पुढे हलूनही टिकतो.

रॉबर्ट पार्क आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘कपॅसिटी डिझाइन’ ही पद्धत उभी केली. ती समजावताना साखळीचं उदाहरण देतात : एक कडी मुद्दाम मऊ, ताणली जाणारी ठेवा आणि बाकीच्या कड्या तिच्यापेक्षा मजबूत करा. मग साखळीवर कितीही ओढ आली तरी ठिसूळ कडीपर्यंत ती पोहोचतच नाही. इमारतीत ही मऊ कडी म्हणजे बीमची टोकं. कॉलम मात्र वाकता कामा नयेत, कारण एका मजल्याचे कॉलम गेले की वरचे मजले खाली बसतात. काँक्रीट इमारतींच्या तन्यतेसाठीच्या आपल्या आय.एस. 13920 या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत याचाच आकडा आहे : सांध्याशी येणाऱ्या कॉलमची वाकण्याविरुद्धची एकूण ताकद बीमच्या किमान 1.4 पट हवी.

इथेच साइटवर घोळ होतो. ‘बीममध्ये दोन सळया जादा टाका, मजबूत होऊ दे,’ असं मालक किंवा ठेकेदार चांगल्या मनानंच सांगतो. पण बीम कॉलमपेक्षा ताकदवान झाला, की मऊ कडी कॉलममध्ये सरकते. मजबुती वाढते आणि इमारत जास्त धोक्याची होते! म्हणून आरसीसी कन्सल्टंटला विचारल्याशिवाय एकही सळई वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे.

तन्यता खरी राहते रिंगांमध्ये. रिंगेचं टोक 135 अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतलं पाहिजे. 90 अंशांत वळवलेली रिंग बाहेरचं कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, उडालं की उघडते, मग उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भरडलं जातं. टोकांशी रिंगा जवळजवळ हव्यात. काँक्रीट ओतल्यावर यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे पाहायचं ते त्याआधीच.

22 फेब्रुवारी 2011 ला पॉले यांच्याच क्राइस्टचर्चमध्ये भूकंप झाला. ते त्याआधी, 2009 मध्ये गेले होते. मृत्यू 185, त्यांतले 115 एकट्या सीटीव्ही इमारतीत. 1986 साली डिझाइन झालेल्या त्या इमारतीच्या कॉलमना 6 मिलिमीटरच्या सळईचे वेढे होते, तेही 250 मिलिमीटर अंतरावर. हे वेढे आतल्या काँक्रीटला घट्ट धरून ठेवायला पुरेसे नव्हते.

आधुनिक पद्धतीच्या इतर बहुतेक काँक्रीट इमारती उभ्या राहिल्या आणि लोक त्यांतून चालत बाहेर आले. पण अपेक्षेप्रमाणे बीमच्या टोकांना तडे गेले होते, आणि त्यांतल्या अनेक इमारती पुढे पाडाव्या लागल्या. तन्यता जीव वाचवते, इमारत पुन्हा वापरता येईल याची हमी देत नाही. शहरातलं महिला रुग्णालय मात्र जमिनीचा हादरा वर कमी पोहोचू देणाऱ्या, शिसं आणि रबराच्या बेअरिंगवर (पायाशी ठेवलेल्या लवचिक ठोकळ्यांवर) बसवलेलं होतं, आणि ते भूकंपानंतरही चालू राहिलं.