उद्धरण प्रभाव, रेणवीय जीवविज्ञानातील

संशोधकाच्या प्रसिद्ध निबंधांचा संदर्भ इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा दिला, यावरून त्याच्या कामाच्या प्रभावाचा बांधलेला अंदाज. अशा प्रत्येक संदर्भाला उद्धरण किंवा सायटेशन म्हणतात. नेमणूक, बढती व अनुदान ठरवताना निबंधांच्या यादीबरोबर हा आकडाही पाहतात.

कोणत्या लेखनाचा संदर्भ पुढे कोणी दिला हे दाखवणाऱ्या उद्धरण-सूचीच्या उगमाविषयी एकमत नाही. बेला हास वाइनबर्ग यांनी तिची मुळे जुन्या हिब्रू धार्मिक ग्रंथसूच्यांत दाखवली आहेत. इतर काही अभ्यासक ग्रॉस व ग्रॉस यांची १९२७ सालची पाहणी आरंभबिंदू मानतात; महाविद्यालयीन ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत, हे त्यांनी संदर्भ मोजून सुचवले होते. तिसरे मत अमेरिकेतील फ्रँक शेपर्ड यांच्या न्यायनिवाड्यांच्या सूचीला अग्रमान देते. १८७३ पासून निघणाऱ्या या सूचीत जुन्या निवाड्याचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, ते पाहता येई. विल्यम अडेर या त्या प्रकाशनसंस्थेच्या माजी अधिकाऱ्यांनी १९५३ च्या सुमारास यूजीन गारफील्ड यांना पत्राने ही माहिती कळवली आणि १९५५ मध्ये गारफील्ड यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात विज्ञानासाठी तशा सूचीचा प्रस्ताव मांडला. पत्रव्यवहाराचा आधार असल्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गारफील्ड यांच्या सूचीची पहिली मोठी चाचणी आनुवंशिकीतच झाली, हे सहसा विसरले जाते. नोबेल मानकरी जीवाणू-आनुवंशिकीतज्ज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी गारफील्ड यांना प्रोत्साहन दिले आणि अमेरिकी शासनाच्या अनुदानातून १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आनुवंशिकीची स्वतंत्र सूची तयार झाली. १९६४ मध्ये गारफील्ड, शेर व टॉर्पी यांनी डीएनएच्या शोधाचा लिखित इतिहास आणि उद्धरणांचे जाळे एकमेकांशी ताडून पाहिले.

रेणवीय जीवविज्ञानात सर्वाधिक उद्धरणे प्रयोगपद्धती सांगणाऱ्या निबंधांना मिळतात. ‘नेचर’ नियतकालिकाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत प्रथिनमापनावरील लोरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध ३,०५,००० हून अधिक उद्धरणांसह पहिला होता. त्यानंतर जेल-विद्युतसंचारणावरील (विद्युत्क्षेत्राने प्रथिने आकारानुसार वेगळी करण्याच्या पद्धतीवरील) लेम्ली यांचा १९७० चा आणि ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा प्रथिनमापनाचाच निबंध येतो. डीएनएचा क्रम वाचण्याच्या पद्धतीवरील सँगर, निकलेन व कूलसन यांचा १९७७ चा निबंधही वरच्या क्रमांकांत आहे. मात्र वॉटसन व क्रिक यांच्या १९५३ च्या द्विसर्पिल रचनेच्या निबंधाला पहिल्या शंभरांत स्थान नव्हते. पाठ्यपुस्तकात गेलेल्या शोधाचा मूळ निबंध फारसे कोणी उद्धृत करत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही प्रक्रिया वर्णिली आहे. जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन व शशिशेखरन यांच्या १९६३ च्या निबंधातून आलेला, प्रथिनसाखळीतील शक्य कोन दाखवणारा रामचंद्रन आलेख आज प्रथिनरचना तपासणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी असतो, पण केवळ नावाने ओळखला जात असल्यामुळे तो वापरणारे अनेकजण मूळ निबंधाचा संदर्भ देत नाहीत.

अॅव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांच्या १९४४ च्या निबंधाविषयीचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य असल्याचे सुचवणारे हे काम काळाच्या पुढे असल्यामुळे दुर्लक्षित राहिले, असे गुंथर स्टेंट यांनी १९७२ मध्ये मांडले. लेडरबर्ग यांनी समकालीन चर्चेचा दाखला देऊन ते अमान्य केले. लेडरबर्ग त्या काळाचे साक्षीदार होते, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. निबंधाकडे दुर्लक्ष झाले की त्यावर शंका घेतली गेली, हे मात्र उद्धरणांच्या संख्येवरून ठरवता येत नाही.

भौतिकीविद होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये संशोधकाच्या उद्धरणांचा एकाच आकड्यात सारांश देणारा एच-निर्देशांक सुचवला. ज्याच्या किमान ४० निबंधांना प्रत्येकी निदान ४० उद्धरणे आहेत, पण ४१ निबंधांना प्रत्येकी ४१ नाहीत, त्याचा निर्देशांक ४०. जीवविज्ञानांत हे आकडे मोठे येतात, हे हिर्श यांनीच नोंदवले: त्यांच्या यादीत भौतिकीविद एडवर्ड विटन ११० वर, तर चेताविज्ञानज्ञ सॉलोमन स्नायडर १९१ आणि विषाणुविज्ञानज्ञ डेव्हिड बाल्टिमोर १६० वर होते. त्यामुळे दोन विषयांतील संशोधकांची थेट तुलना अन्यायकारक ठरते. या क्षेत्रात लेखकांच्या नावांचा क्रमही अर्थपूर्ण असतो. प्रयोग मुख्यतः करणारा सहसा प्रथम आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटी. निर्देशांक मात्र मधल्या नावालाही तितकेच श्रेय देतो.

नियतकालिकाचा प्रभावांक (त्यातील निबंधांना मिळणाऱ्या उद्धरणांची सरासरी) व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी वापरू नये, अशी मागणी करणारे सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्र अमेरिकी पेशीविज्ञान संस्थेच्या डिसेंबर २०१२ मधील वार्षिक सभेच्या वेळी आकाराला आले व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात संख्यात्मक निकषांनी तज्ज्ञांच्या गुणात्मक परीक्षणाला पूरक राहावे, असे म्हटले आहे.