शीत पॅलाडिन

शीत पॅलाडिन : ‘डायाब्लो २’ या संगणकीय खेळातील पॅलाडिन नावाच्या धर्मयोद्ध्याची, ‘होली फ्रीझ’ या ऑराभोवती (ऑरा म्हणजे पात्राभोवती सतत चालू राहणारा प्रभाव) रचलेली पात्रघडण. अशा घडणीला खेळणारे ‘बिल्ड’ म्हणतात. येथेही तोच शब्द वापरला आहे. होली फ्रीझ चालू असताना पात्राभोवतीच्या वर्तुळात आलेला शत्रू गारठतो, त्याची चाल आणि वार दोन्ही मंदावतात, आणि पॅलाडिनच्या शस्त्राच्या प्रत्येक फटक्याला शीत इजेची जोड मिळते. त्याच वर्गातल्या हॅमरडिन किंवा टेस्लाडिन या बिल्डांइतकी कीर्ती शीत पॅलाडिनला लाभली नाही. मात्र पॅलाडिनच्या ऑरांचा हिशेब कसा चालतो हे समजून घ्यायला हे बिल्ड त्या दोहोंपेक्षा अधिक उपयोगी आहे.

पूर्वपीठिका : पॅलाडिन या वर्गाचा उगम मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्यांतील शार्लमेनच्या बारा सरदारांपर्यंत नेण्याची पद्धत आहे. या काव्यांतले सर्वांत प्रसिद्ध असे रोलांचे काव्य अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी रचले गेले असावे. त्यातील प्रसंगाला आधार असलेली रोन्सव्हो खिंडीतली चकमक इ. स. ७७८ ची. तीत शार्लमेनच्या पिछाडीवर तुटून पडले ते बास्क लोक. काव्यात त्यांच्या जागी मुसलमान आले. साध्या लष्करी सरदारांना धर्मयोद्ध्यांचे रूप मिळाले ते असे तीनशे वर्षांनी, धर्मयुद्धांच्या वातावरणात. म्हणून आठव्या शतकातच ‘पॅलाडिन संप्रदाय’ होता असे जे अधूनमधून लिहिले जाते, त्याला आधार नाही.

खेळांतला पॅलाडिन थेट या काव्यांतून आला की आधुनिक कादंबरीच्या वाटेने, याबद्दल मतभेद आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ १९७४ चा. त्यात पॅलाडिन आला तो १९७५ च्या पुरवणीत, योद्ध्याचा उपवर्ग म्हणून. पहिल्या मताप्रमाणे तो शार्लमेन आणि आर्थर यांच्या कथाचक्रांतून सरळ उचलला आहे. दुसरे मत पोल अँडरसन यांच्या १९६१ साली पुस्तकरूपाने आलेल्या, शार्लमेन-चक्रावरच बेतलेल्या कादंबरीकडे बोट दाखवते. खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये दिलेल्या प्रेरणास्थानांच्या यादीत ही कादंबरी आहे, तेव्हा दुसरे मत अधिक संभवनीय दिसते. मूळ स्रोत दोन्ही मतांत एकच राहतो, हेही खरे.

शस्त्रधारी धर्मपुरुष ही कल्पना ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला परकी वाटू नये. अनुपगिरी गोसावी ऊर्फ हिम्मतबहादूर १७६१ मध्ये पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध उभा होता. पुढे तोच महादजी शिंद्यांच्या पदरी आला आणि त्यांच्याशीही त्याचे बिनसले. खुद्द ग्वाल्हेरात फुलबागेच्या परिसरात गंगादासांची बडी शाळा हा साधूंचा मठ आहे. १८५८ च्या जूनमध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा अंत्यविधी तेथील साधूंनी केला आणि इंग्रज फौजेशी लढताना ७४५ साधू कामी आले, अशी परंपरा आहे. राणींच्या मृत्यूची तारीख काही साधने १७ जून देतात, काही १८. ग्वाल्हेरात पुण्यतिथी पाळली जाते ती १८ ला. ७४५ हा आकडाही परंपरेचाच समजावा. तुलना मात्र फार ताणू नये. गोसावी पथके मोबदला घेऊन लढणारी होती. खेळातला पॅलाडिन एका भ्रष्ट झालेल्या धर्मपीठाशी फारकत घेऊन निघालेला आहे. झाकारम हा त्याचा धर्म, आणि त्याची उच्च परिषद मेफिस्टो या राक्षसाच्या कह्यात गेल्याचे खेळाच्या तिसऱ्या अंकात ट्रॅव्हिंकल येथे उघड होते. ग्वाल्हेरच्या माणसाला यापेक्षा बडी शाळा जवळची वाटली तर नवल नाही.

खेळाचा कालक्रम : मूळ ‘डायाब्लो’ बाजारात आला तो १९९६ च्या अखेरच्या दिवसांत की १९९७ च्या जानेवारीत, यावर एकवाक्यता नाही. तयार प्रती ३१ डिसेंबरच्या सुमारास बाहेर पडल्या आणि बहुतेक दुकानांत त्या नव्या वर्षात पोचल्या, असे मानल्यास दोन्ही दाखले जुळतात. त्यात पॅलाडिन नव्हता. तो आला ‘डायाब्लो २’ मध्ये, जून २००० मध्ये; ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ हा विस्तार २००१ चा. शीत पॅलाडिन आजच्या रूपात शक्य झाला तो ऑक्टोबर २००३ च्या १.१० या सुधारणेमुळे. लेव्हल चढताना मिळणारे गुण कौशल्यांत घालायचे असतात; एका कौशल्यात घातलेले गुण दुसऱ्याचे बळ वाढवतात ही ‘सिनर्जी’ची व्यवस्था तिने आणली. त्याआधीही होली फ्रीझ होताच, पण त्यावर पात्राचा सगळा भार टाकणे परवडत नसे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये नव्या चित्रणासह आलेल्या ‘रिझरेक्टेड’ आवृत्तीने हाच हिशेब पुढे चालवला.

धर्मयोद्ध्याकडे थंडी कशी : झाकारमच्या कथेत बर्फाला किंवा शीताला काही स्थान असल्याचे दिसत नाही. पॅलाडिनच्या आक्रमक ऑरांत होली फायर, होली फ्रीझ आणि होली शॉक असे त्रिकूट आहे. बचावाच्या ऑरांत त्यांना समांतर रेझिस्ट फायर, रेझिस्ट कोल्ड आणि रेझिस्ट लायटनिंग आहेत. अग्नी, शीत, वीज ही खेळाची मूळ त्रयी. तिचा एकेक कप्पा प्रत्येक बाजूला भरला गेला आणि त्यातच पॅलाडिनला थंडी मिळाली, असा तर्क रास्त वाटतो. ‘होली’ या विशेषणावरही फार विसंबू नये. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ताल राशाच्या दालनात भेटणारा ड्युरिएल हा राक्षस हाच ऑरा घेऊन येतो. दालन अरुंद, पळायला जागा नाही, आणि त्यात खेळाडूचीच पावले जड होतात. न गोठण्याचा गुण असलेली अंगठी बोटात असली तरी ही मंदगती टळत नाही. पहिल्याच भेटीत तिथे मान टाकली नाही असा खेळाडू विरळा.

घडण : होली फ्रीझ १८ व्या लेव्हलला खुला होतो. त्याआधी माइट आणि होली फायर यांत एकेक गुण घालावा लागतो. ऑराच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एक गुण घातल्यावर, शत्रूची गती ३० टक्क्यांनी घटते. पुढच्या प्रत्येक पायरीला मिळणारी भर कमी होत जाते आणि घट ६० टक्क्यांच्या मर्यादेकडे सरकते. नावात ‘फ्रीझ’ असले तरी शत्रू यात पूर्ण गोठत नाही. जानेवारीच्या पहाटे ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर दाट धुके उतरले की रहदारी थांबत नाही, नुसती सरपटू लागते; वर्तुळात सापडलेल्या टोळीचे तसेच होते. गारठलेल्या अवस्थेत मेलेला शत्रू पुष्कळदा फुटून त्याचे तुकडे होतात आणि प्रेत उरत नाही. पहिल्या अंकात मेलेल्यांना पुन्हा उठवणाऱ्या फॉलन शामनपुढे याचे मोल विशेष कळते: शामन काठी उगारून उभा असतो, पण उठवायला कोणी शिल्लक नसते.

इजेची बाजू दुहेरी आहे. ऑरा ठरावीक अंतराने वर्तुळातल्या सगळ्यांना थोडी शीत इजा करतो, आणि शस्त्राच्या फटक्याला त्याच्या कितीतरी पट भर घालतो. सिनर्जी दोन ठिकाणांहून येते: रेझिस्ट कोल्डच्या प्रत्येक गुणामागे १५ टक्के आणि साल्व्हेशन या बचावाच्या ऑराच्या प्रत्येक गुणामागे ७ टक्के. दोन्ही वीसपर्यंत नेल्यास ३०० आणि १४०, म्हणजे एकूण ४४० टक्क्यांची वाढ. येथे फक्त स्वतः घातलेले गुण धरले जातात. अंगावरच्या वस्तूंनी वाढलेली पायरी सिनर्जीच्या हिशेबात येत नाही. गुण अपुरे असतील तर आधी होली फ्रीझ, मग रेझिस्ट कोल्ड आणि शेवटी साल्व्हेशन हा क्रम आकड्यांवरूनच ठरतो.

फटका मारण्यासाठी ‘झील’ हे झपाट्याने वार करण्याचे कौशल्य वापरतात. त्याच्या चौथ्या पायरीला एका दमात पाच वार होतात आणि प्रत्येक वारावर ऑराची पूर्ण इजा बसते. शस्त्र त्यामुळे जड व जोरकस असण्यापेक्षा वेगवान असावे. याला जोडून दोन अडचणी आहेत. वार लागला तरच शीत इजा लागते, आणि नेम वाढवणारे होली फ्रीझमध्ये काहीच नाही. दुसरी अडचण अशी की, शत्रूचे आयुष्य ओढून घेणारा लाइफ लीच केवळ शारीरिक इजेवर चालतो. शीत इजा कितीही मोठी असली तरी तिच्यातून थेंबभरही परत मिळत नाही. नवखे खेळाडू पडद्यावरचा मोठा आकडा पाहून निर्धास्त होतात आणि नरक या सर्वांत कठीण पातळीवर घायकुतीला येतात. उरलेले गुण म्हणूनच होली शील्ड या बचावाच्या कौशल्यात घालावेत.

गुण मोजूनमापून वापरावे लागतात. ९९ व्या लेव्हलपर्यंत ९८ आणि मोहिमांतून १२ असे कमाल ११० गुण मिळतात; पण बहुतेक पात्रे ८० ते ८५ च्या दरम्यान थांबतात, म्हणजे प्रत्यक्षात हातात नव्वदच्या आसपास येतात. त्यांतले ६० शीताच्या तीन कौशल्यांत जातात. पूर्वी चुकलेला गुण कायमचा चुकलेला असे. २०१० च्या १.१३ या सुधारणेने खेळातल्या अकारा या पात्राकडून गुण परत घेण्याची सोय केली.

मतभेद : होली फ्रीझ इजेसाठी घ्यावा की आवर घालण्यासाठी, हा या बिल्डविषयीचा खरा वाद आहे. इजावाद्यांचा आधार वर दिलेले ४४० टक्के. विरुद्ध पक्षाचा मुद्दा साधा आणि वजनदार आहे: दुसऱ्या अंकात नाइटमेअर या मधल्या पातळीवर पगारी ठेवायचा बचावात्मक भालेकरी हाच ऑरा घेऊन येतो. सोने मोजून मिळणाऱ्या गोष्टीसाठी साठ गुण का खर्चावेत? आकडे कागदावर पाहिले तर इजावादी पक्ष सरस ठरतो. नरक पातळीवर मात्र पारडे फिरते, कारण तेथे शीतप्रतिकार शंभर किंवा अधिक असलेले, म्हणजे शीत इजेला पूर्ण अभेद्य शत्रू जागोजागी भेटतात. त्यांच्यापुढे सिनर्जीची सारी कमाई शून्य होते. गती घटवणे हाच या ऑराचा मूळ गुण आणि इजा ही वरकमाई, असे मानणे अनुभवाशी अधिक जुळते. भालेकऱ्याचा युक्तिवाद त्यामुळे निकालात निघत नाही, पण भालेकरी मेला की ऑराही जातो, हे विसरून चालत नाही.

अभेद्यतेवरील उपाय : चेटकीण या दुसऱ्या वर्गाला कोल्ड मास्टरी आहे, तसे शत्रूचा शीतप्रतिकार उतरवणारे कौशल्य पॅलाडिनकडे स्वतंत्रपणे नाही. त्याच्याकडे कन्व्हिक्शन आहे, पण तो ऑरा आहे आणि स्वतःच्या कौशल्यातला एका वेळी एकच ऑरा चालवता येतो. होली फ्रीझ लावला की कन्व्हिक्शन बंद. ही कोंडी वस्तूंनी सुटते. बेर, माल, बेर, इस्ट या रुनांचे (रून म्हणजे शस्त्रात बसवायचे मंत्राक्षरी दगड) ‘इन्फिनिटी’ हे शस्त्र भालेकऱ्याच्या हाती दिले की १२ व्या पायरीचा कन्व्हिक्शन मिळतो. तो प्रतिकार ८५ ने उतरवतो. अभेद्य शत्रूवर मात्र त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे १७ एवढाच परिणाम होतो. परिणामी ११६ पर्यंत शीतप्रतिकार असलेल्यांची अभेद्यता मोडते, त्यावरच्यांची नाही.

लेम, को, एल, एल्ड या रुनांचे ‘व्हॉइस ऑफ रीझन’ तलवारीत किंवा गदेत बसते आणि शत्रूचा शीतप्रतिकार २४ ने उतरवते. अभेद्य शत्रूवर ते चालत नाही. आधी अभेद्यता मोडावी, मगच त्याचा उपयोग. याच्या उलट वाट ‘डूम’ची. हेल, ओम, अम, लो, चॅम या रुनांचे हे शस्त्र १२ व्या पायरीचा होली फ्रीझ स्वतःच देते, म्हणून पॅलाडिनला आपला ऑरा कन्व्हिक्शनसाठी मोकळा ठेवता येतो. रेझिस्ट कोल्ड व साल्व्हेशन यांची सिनर्जी तेव्हाही लागू राहते. तत्त्वतः शीत पॅलाडिनची हीच सर्वांत समर्थ घडण होय. चॅम हा दुर्मिळ रून हाती लागेपर्यंत कित्येकांचा उत्साह ओसरतो, तेव्हा व्यवहारात ती क्वचितच दिसते. सप्टेंबर २०२२ च्या २.५ या सुधारणेने ‘कोल्ड रप्चर’ नावाचा ताईत आणला. त्याने अभेद्यांचा प्रतिकार ९५ वर येतो. धारकाचा स्वतःचा शीतप्रतिकार मात्र सपाटून घसरतो.

इतर खेळांत : ‘डायाब्लो ३’ च्या २०१४ मधील विस्तारात आलेला क्रुसेडर पॅलाडिनचाच वारस आहे, पण त्याचा भर पवित्र, अग्नी, वीज आणि शारीरिक इजेवर असल्याने शीताची परंपरा तेथे खंडित झाली. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ मध्ये टेंप्लर वर्ग आणि शीत इजा वाढवणारा ‘हेट्रेड’ ऑरा यांची सांगड घालता येते. ‘ग्रिम डॉन’ मध्ये २०१९ च्या विस्तारापासून इन्क्विझिटर आणि ओथकीपर या दोन वर्गांच्या जोडीलाच पॅलाडिन म्हणतात. इन्क्विझिटरकडे शीत इजेची कौशल्ये आणि शत्रूचा प्रतिकार उतरवणारा ऑरा दोन्ही आहेत, त्यामुळे शीत पॅलाडिन घडवणे तेथे पुष्कळ सोपे जाते.